मांडवचा घियासशाह, १५ हजार बायका आणि माझ्या भाच्याचा प्रश्न

नर्मदेकाठची

नमस्कार मंडळी. इंदूरला पाहुणे आले की एक दिवस मांडवचा, म्हणजे मांडूचा, माळव्याच्या सुलतानांच्या जुन्या राजधानीचा, ठरलेलाच असतो, तसं या रविवारी पुण्याहून आलेली माझी बहीण, तिचा ११ वर्षांचा मुलगा आणि आमची आत्या अशा सगळ्यांना घेऊन गेलो होतो. सकाळी पोहे खाऊन निघालो, धारवरून गेलो, दरवाज्यापाशी भिल्ल बायका ती खुरासानी चिंच विकत बसलेल्या असतात ती घेतली, सगळं नेहमीसारखं. जहाज महालात गाइड घेतला. बोलायला छान होता, पण पहिल्या पाच मिनिटांत त्याने सांगून टाकलं की हा महाल सुलतान घियासुद्दीन खिलजीने, म्हणजे घियासशाहने, आपल्या १५ हजार बायकांसाठी बांधला, त्याला दुसरं काही कामच नव्हतं, खाणं, गाणं आणि बायका, बस. लोक हसले, एक-दोघं नको ते बोलले, मागून कुणीतरी म्हणालं की हे सगळे सुलतान असलेच. आत्या बिचारी संकोचून तळ्याकडे बघत उभी राहिली. आणि भाचा माझा हात ओढून विचारतोय, "मावशी, १५ हजार जणींना रोज जेवायला कोण घालायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. गाइडलाही नाही आलं, तो पुढच्या हौदाकडे चालू लागला.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मी इतिहासाची नाही, बँकेत आहे, आकड्यांशी रोजचा संबंध, त्यामुळे असा गोल आकडा ऐकला की आधी विचारावंसं वाटतं की हा आला कुठून. आपण शाळेत जे शिकलो त्यात या राजांबद्दल एकेका ओळीचा निकाल असायचा, शाहजहानने खजिना उधळला, वाजिद अली शाह नाचगाण्यात बुडाला, हा बायकांत बुडाला. पण ज्या माणसाच्या काळात एवढं बांधलं गेलं, ज्याने ३० वर्षं गादी टिकवली, तो खरंच नुसता लोळत होता का? ज्यांनी वाचलंय त्यांनी नीट सांगा, मला मुलाला फोनवर खरं उत्तर द्यायचंय. कुणाच्या धर्मावर भांडण नको, हात जोडून सांगते.

धारवाले सर

ताई, मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यातली बरीचशी धारला, आणि इतका सरळ प्रश्न मला वर्गात फार कमी वेळा आला. त्याचं उत्तर चक्क जुन्या ग्रंथात आहे. फिरिश्ता नावाचा इतिहासकार लिहितो की घियासशाहच्या जनानखान्यातल्या प्रत्येकीला रोज दोन शेर धान्य आणि दोन टंके (त्या काळची नाणी) ठरलेले होते, मोठी राणी असो नाहीतर नवी आलेली दासी, सगळ्यांना सारखं. महालातल्या पोपट-कबुतरांचाही शिधा बांधलेला होता म्हणे. आता भाच्याला गणित करायला सांगा. १५ हजार जणी, दोन शेर, म्हणजे ३० हजार शेर, ४० शेरांचा मण धरला तर रोजचे ७५० मण, वर्षाचे जवळजवळ पावणेतीन लाख मण. त्या काळचा शेर आजच्यापेक्षा वेगळा असणार पण अंदाज येतो.

आता आकडा आला कुठून. घियासशाह गादीवर बसला १४६९ साली आणि १५०० मध्ये मुलाने, नासिरशाहने, त्याच्याकडून गादी घेतली. फिरिश्ता लिहीत होता विजापूरला, आदिलशाहीत, १७ व्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे मधे १०० वर्षं गेलेली. आपल्या पणजोबांच्या घरात किती माणसं जेवायला असत हे आज आपण ऐकीव गोष्टींवरून जसं सांगू, तसा तो आकडा आहे. जहांगीर १६१७ साली मांडवला येऊन काही महिने राहिला, त्यानेही आपल्या आठवणींत १५ हजारच लिहिले, पण तोही शतक उलटल्यावर ऐकलेलंच सांगतोय. गाइड सांगतो ते खोटं नाही, पण तो फिरिश्ताचं अर्धंच वाक्य सांगतो.

राहिलेलं अर्धं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फिरिश्ता सांगतो की या बायकांना कामं वाटून दिलेली होती. कुणी हिशेब ठेवणारी, कुणी शिकवणारी, कुणी सोनारकाम, कुणी लोहारकाम, कुणी कुस्ती शिकलेली, कुणी गाणारी. ५०० तुर्की बायका पुरुषी वेषात धनुष्यबाण घेऊन पहाऱ्यावर, आणि ५०० हबशी बायका दुसऱ्या बाजूला. हे वाचलं की मला तरी शयनगृहापेक्षा एक अख्खं गाव डोळ्यासमोर येतं, भिंतीच्या आत वसवलेलं.

आणि माणूस म्हणाल तर विचित्र होता, एका चौकटीत बसत नाही. नशेच्या पदार्थाला शिवायचा नाही. एकदा त्याच्यासाठी लाख टंके खर्चून औषध तयार केलं, त्यात तीनशेहून जास्त जिन्नस, त्याने यादी वाचायला लावली, त्यात थोडं जायफळ निघालं, जायफळाने गुंगी येते म्हणून सगळं औषध टाकून द्यायला लावलं. कुणी म्हणालं दुसऱ्याला तरी द्या, तर म्हणाला मला जे चालत नाही ते दुसऱ्याला कसं देऊ. नमाजाला उठवायला सांगून ठेवलेलं, झोप उघडली नाही तर अंगावर पाणी मारा, तरी नाही उठलो तर हाताला धरून ओढा. आणि भोळा इतका की कुणीतरी येशूच्या गाढवाचा खूर म्हणून खूर विकायला आणला तो त्याने मोठी रक्कम देऊन घेतला, असे चार झाले, मग पाचवा माणूस पाचवा खूर घेऊन आला. दरबारी म्हणाले, हुजूर, गाढवाला पाय चारच. तर म्हणाला, कदाचित हा खरा असेल, आधीच्यातला एखादा खोटा असेल. या गोष्टी अशाच घडल्या असं मी म्हणत नाही, पण लोकांनी शंभर वर्षं त्याच्याबद्दल काय लक्षात ठेवलं ते यातून कळतं, आणि त्यात नुसता ऐषाराम नाही.

काळी माती

सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे सगळं वाचताना मला त्रास झाला म्हणून लिहितोय. आमची शेती सांवेरकडे, चार पिढ्यांची. तुम्ही ७५० मण म्हणालात, ते आले कुणाच्या खळ्यातून? आमचे आजोबा सांगायचे, युरिया यायच्या आधी बिघ्याला पाच मण गहू झाला तरी घरात आनंद असायचा. त्या हिशेबाने ७५० मण म्हणजे दीडशे बिघ्यांचं सगळंच्या सगळं पीक, एका दिवसाला. वर्षाला ५४ हजार बिघे. आणि सरकार काही पूर्ण पीक उचलत नाही, हिस्सा उचलतं, म्हणजे त्याच्या कितीतरी पट जमिनीवर लोक राबले तेव्हा हे शिधे निघाले. आकडा फुगवलेला असेल तर अर्धा करा, चौथाई करा, तरी पोट दुखतंच.

आणि दुसरं, त्या बायका. हिशेब शिकल्या, धनुष्य शिकल्या, ठीक. पण त्यांना तिथून निघून जायची मुभा होती का? किती जणी विकत आणलेल्या, किती जणी लढाईत उचलून आणलेल्या, किती जणींच्या बापाने भीतीने पाठवलेल्या? "सगळ्यांना सारखा शिधा" हे तुरुंगातही असतं. आजकाल जुन्या राजांचं नव्याने कौतुक करायची पद्धत निघाली आहे, हा रसिक होता, तो कलाप्रेमी होता, आणि ज्याच्या घामावर ते झालं तो कुठेच नसतो. मला तो मुसलमान होता याच्याशी काही देणंघेणं नाही, हिंदू असता तरी मी हेच लिहिलं असतं.

पोहे आणि बरंच काही

काळी मातीभाऊ, तुमचं बोलणं मनाला लागलं आणि ते बरोबरच आहे. तरीपण मी स्वयंपाकघराच्या बाजूने थोडं सांगते कारण घियासशाह माझ्यासाठी आधी जहाज महालवाला नव्हताच, तो समोशांवाला होता.

त्याच्या पाककृतींचं एक पुस्तक आहे, निमतनामा. हाताने लिहिलेलं, मूळ पोथी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे, ५० चित्रं आहेत त्यात. जवळजवळ प्रत्येक चित्रात तो स्वतः आहे, भरघोस मिशा, आणि आजूबाजूला बायका पातेल्यात ढवळतायत, काहीतरी तळतायत, ताटं आणतायत, आणि तो बघत बसलाय. फारसीत लिहिलंय पण मधे मधे आपले इकडचे शब्द. समोसे कितीतरी प्रकारचे, खिचडी, भात, शिकारीला जाताना काय बरोबर न्यायचं, विडा कसा लावायचा, अत्तरं कशी काढायची, शक्तीची औषधं, सरबतं. मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, कारण यातलं काहीच तेव्हा इकडे आलेलं नव्हतं. म्हणजे विचार करा, इंदूरच्या सराफा बाजारातला आपला समोसा म्हणजे बटाटाच, आणि इथून शंभर किलोमीटरवर बटाटा यायच्या आधीचा समोसा लिहून ठेवलेला आहे.

मी एक करून बघितला. वांग्याचा गर आणि खिमा, आमच्याकडे मांस नाही म्हणून मी खिम्याऐवजी पनीर घातलं. वांगं आधी भाजून सोललं, कांदा, सुंठ, केशराच्या चार काड्या गुलाबपाण्यात भिजवून, आणि तूप. पहिल्या घासाला सासूबाई म्हणाल्या तिखट विसरलीस, दुसऱ्या घासाला काही बोलल्या नाहीत, तिसरा समोसा त्यांनी स्वतः उचलला. सुंठ आधी घशाशी लागते आणि मग मागून केशर येतं, हळूच. मिरचीने जीभ भाजलेली नसली की किती बारीक चवी कळतात हे मला त्या दिवशी समजलं. हे नुसतं हावरेपणाने होत नाही हो, कुणीतरी उभं राहून चाखून, परत करायला लावून, मग लिहायला सांगितलंय.

आणि ते पुस्तक त्याच्या हयातीत सुरू झालं पण पुरं केलं मुलाने, नासिरशाहने. जहांगीर लिहितो की याच मुलाने बापाला विष घातलं, दोनदा दिलं ते बापाने जहरमोहऱ्याने, म्हणजे विष उतरवणाऱ्या खड्याने, उतरवलं, तिसऱ्यांदा सरबतात घालून स्वतःच्या हाताने दिलं. जहांगीरला एवढा राग आला की मांडवला नासिरशाहच्या कबरीला लाथा घातल्या आणि अवशेष काढून नर्मदेत टाकायला लावले. आता मला सांगा, ज्याने बापाला सरबतातून मारलं त्यानेच बापाच्या सरबतांचं पुस्तक पुरं करून घेतलं? होऊही शकतं, माणसं अशी असतात. पण मला ते पुस्तक आठवलं की विषाची गोष्ट तेवढी सहज गळी उतरत नाही.

काळी माती

समोसा वाचून भूक लागली, हे खरं सांगतो. पण माझा प्रश्न तिथेच आहे ताई.

नकाशे आणि नळ

मी सिव्हिलवाला, पाणीपुरवठ्याच्या कामात २२ वर्षं, त्यामुळे मांडवला गेलो की महालापेक्षा नाल्या बघत फिरतो, बायको वैतागते. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, जागेची. जहाज महाल साधारण १२० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद आहे. म्हणजे एका मजल्याला १८०० चौरस मीटर. १५ हजार माणसं तिथे नुसती उभी करायची म्हटली तरी एका चौरस मीटरमध्ये आठ जण येतात, लोकल गाडीपेक्षा वाईट. तर "हा महाल १५ हजार बायकांसाठी" हे वाक्य फूटपट्टीवरच टिकत नाही. आजूबाजूला बाकी इमारती होत्या हे मान्य, पण मग गाइडने तसं सांगावं.

दुसरी, पाण्याची, आणि मांडव समजायचं तर इथून सुरुवात करा. ते पठार आहे, खाली निमाडच्या बाजूला सरळ कडा तुटलेला, वर नदी नाही. जे काय पाणी ते पावसाचं. चार महिने पडेल ते अडवा आणि आठ महिने पुरवा. म्हणून एका बाजूला मुंज तलाव, दुसऱ्या बाजूला कपूर तलाव आणि मधे तो जहाज महाल. गच्चीवर जा आणि खाली बघा, दगडात कोरलेली एक नाली दिसेल, सरळ न जाता गोगलगायीच्या पाठीसारखी गोल गोल फिरून मग हौदात उतरते. सगळे तिला नक्षी समजून फोटो काढतात. पण पाणी असं फिरवलं की त्याचा वेग मरतो आणि गाळ वळणावळणावर खाली बसतो, हौदात येतं ते नितळ. आम्ही आज सेटलिंग टँकमध्ये हेच करतो, फक्त इतकं सुंदर करत नाही. मी माझ्या मुलीला तिथे बाटलीतलं थोडं पाणी ओतून दाखवलं होतं, एक सुकं पान टाकून, पान प्रत्येक वळणावर अडखळत अडखळत गेलं, ती टाळ्या वाजवत होती. पुढे चंपा बावडी, तिच्या बाजूच्या तळघरातल्या खोल्या, बावडीच्या पाण्याने गार राहणाऱ्या. मे महिन्यात उतरून बघा, बाहेर ४२ आणि आत अंगावर शहारा येतो.

लोक याला ऐषाराम म्हणतात. असेलही. पण ज्या गावात पाण्याची सोय नाही त्या गावात राजधानी नांदत नाही. १६१७ ला जहांगीरबरोबर इंग्रजांचा वकील टॉमस रो मांडवला राहिला होता, त्याने पाण्यावाचून कसे हाल झाले ते लिहून ठेवलंय. तोवर सुलतानांना जाऊन बरीच वर्षं झालेली, शहर ओस पडत चाललेलं. तळ्यांचा गाळ दरवर्षी काढावा लागतो, नाल्या साफ ठेवाव्या लागतात, ते करणारा धनी राहिला नाही की काय होतं हे आमच्या खात्यातल्या कुणालाही विचारा.

काळी मातीसाहेबांना एवढंच म्हणेन की हिशेबाच्या वहीत दोन्ही पानं असू द्या. ५४ हजार बिघ्यांचं पान असू द्या, आणि या नाल्या, बावड्या, त्या बांधणाऱ्या गवंड्यांच्या मजुरीचं पानही.

मांडवी दरवाजा

बडोद्याहून लिहितोय, मधेच घुसतो. आमच्याकडे पावागडच्या पायथ्याला चांपानेर आहे, तिथे महमूद बेगड्याचं असंच चालतं. शाळेची सहल गेली की मास्तर पहिलं सांगणार, हा रोज मणभर खायचा. नाश्त्याला वाटीभर मध, वाटीभर लोणी आणि शे-दीडशे केळी, आणि रात्री झोपताना पलंगाच्या दोन्ही बाजूंना समोशांची ताटं, ज्या कुशीवर जाग येईल तिकडचे खायचे. बघा, इथेही समोसेच. वर्थेमा नावाचा एक इटालियन प्रवासी येऊन गेला, त्याने लिहिलं की हा लहानपणापासून विष खातो आणि हा ज्याच्यावर थुंकेल तो माणूस मरतो, आणि युरोपात ती गोष्ट शतकानुशतकं चालली. आता हाच माणूस १३ व्या वर्षी गादीवर आला, १४५८ ते १५११ अशी ५३ वर्षं राज्य केलं, जुनागड घेतलं, १४८४ ला चांपानेर घेतलं आणि तिथे राजधानी उभी केली जी आज युनेस्कोच्या यादीत आहे. केळी मोजण्यात ते सगळं राहून जातं. मी त्याची बाजू घेत नाही, चांपानेरच्या वेढ्यात काय झालं ते आम्हाला इथे चांगलं माहीत आहे. पण टीका करायची तर त्याने केलेल्या गोष्टींवर करा, त्याच्या ताटावर कशाला.

मला खरं बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीवर. "ऐयाश राजा" ही गोष्ट नेहमी कोण सांगतं ते बघत चला. ज्याला त्याची गादी हवी असते तो. वाजिद अली शाहचं अवध ईस्ट इंडिया कंपनीने १८५६ ला खालसा केलं ते याच कारणाने, राजा नाचगाण्यात, प्रजा वाऱ्यावर. पण त्याच कंपनीने १८०१ च्या तहात अवधचा जवळजवळ अर्धा मुलूख आधीच काढून घेतला होता आणि पुढे नेपाळच्या लढाईसाठी अवधच्याच नवाबाकडून मोठमोठी कर्जं घेतली होती. तेव्हा नवाबाचा खर्च कुणाला दिसला नाही. आणि ही युक्ती मुसलमान राजांपुरती राहिली नाही, आमच्या घरापर्यंत आली. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर १८७४ मध्ये रेसिडेंट फेअरला, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीला, सरबतातून विष घातल्याचा आरोप ठेवला, कमिशन बसवलं, त्यात ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांनी दोषी धरलं नाही, तीन इंग्रजांनी धरलं. तीन विरुद्ध तीन. मग १८७५ मध्ये त्यांना काढलं ते गैरकारभाराच्या नावाखाली. सोन्याच्या तोफा ओतवणारा राजा म्हटलं की लोकांना लगेच पटतंच. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असं कुणीच म्हणणार नाही, माझ्या घरातल्या जुन्या माणसांनीही कधी म्हटलं नाही. पण आरोप एक आणि शिक्षा दुसऱ्याची, हे विसरू नका.

आणि आपण मराठी लोकांनी तर जास्तच जपून बोलावं. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर घालायला लाखो बसरा मोत्यांची चादर करवली, ती बडोद्याबाहेर त्यांच्या हयातीत गेलीच नाही, २००९ ला दोह्यात लिलावात विकली गेली. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात चांदीची आगगाडी टेबलावरून दारू आणि सिगार फिरवते, लोक तिकीट काढून कौतुकाने बघतात. तुमच्या इंदूरला तुकोजीराव महाराजांनी १९१३ ला पॅरिसहून प्रत्येकी साधारण ४७ कॅरेटचे दोन हिरे आणले, आणि यशवंतराव महाराजांनी जर्मन आर्किटेक्टकडून माणिकबाग राजवाडा सजवून घेतला, त्याची अभिमानाने पुस्तकं निघतात. तिथे आपण "शौक" म्हणतो, "दृष्टी" म्हणतो. मांडवला गेलो की तोच शब्द "ऐयाशी" होतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच आहे हे.

धारवाले सर

मांडवी दरवाजा, तुम्ही बोललात ते माझ्या मनातलं. फक्त त्यात एक भर घालतो, आणि ती काळी मातींसाठी. खर्चिक राजा वाईट आणि साधा राजा चांगला असंही नसतं. औरंगजेब स्वतःपुरता अगदी साधा होता, टोप्या शिवायचा, कुराणाच्या प्रती लिहायचा, खुलताबादची त्याची कबर बघा, वर छत नाही, मातीत तुळशीसारखं रोप. आणि त्याच साध्या माणसाने दख्खनमध्ये पाव शतक लढाई चालवली, त्याची छावणी म्हणजे चालतं शहर, ती जिथून गेली तिथलं धान्य आणि चारा संपला. महाराष्ट्रातल्या कुणालाही ते समजावून सांगायची गरज नाही. उलट घियासशाहचा बाप महमूद खिलजी, ३३ वर्षं घोड्यावर, मेवाड, गुजरात, बहमनी, दिल्लीपर्यंत स्वाऱ्या. त्यानेही मांडवला दवाखाना बांधला, त्याच्याच काळात १४३९ मध्ये मांडवात जैनांच्या कल्पसूत्राची ती सुंदर चित्रांची पोथी झाली. मग मुलगा म्हणाला, वडिलांनी लढून मिळवलं, मी आता ते सांभाळून सुखाने राहतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने कोणता राजा महाग पडला, दोन शेर शिधा वाटणारा की दरवर्षी स्वारीला निघणारा? माझं उत्तर पक्कं आहे, पण शेतकरी मी नाही.

आणि हो, तुमच्याच बाजूची एक गोष्ट माझ्याकडून सांगायची राहिली होती, ती लपवणं बरोबर नाही. घियासशाहच्या माणसांनी एक मुलगी अशीच पळवून आणली, तिचे आईबाप दाद मागायला आले. सुलतानाला कळल्यावर त्याने काझींना बोलावून माझ्यावर कायद्याप्रमाणे हुकूम चालवा म्हटलं, आईबाप राजी झाले, आणि त्याने पुढे अशा मुली शोधणं बंद करायला सांगितलं. इतिहासकार ही गोष्ट त्याचा न्याय दाखवायला सांगतात. पण तुम्ही वाचाल तर तुम्हाला आधी दिसेल ती पळवून आणलेली मुलगी. तिला काय हवं होतं हे गोष्टीत कुणी विचारलेलं नाही.

काळी माती

सर, ही गोष्ट तुम्ही स्वतःहून सांगितलीत त्याबद्दल मनापासून धन्यवाद. स्वारी की शिधा विचाराल तर शिधा, त्यात वाद नाही. घोडदळ शेतातून गेलं की तीन वर्षं जमीन सावरत नाही, हे आमच्याकडे गाण्यात आहे. आणि होळकरांबद्दलही मी तेच म्हणेन जे इथे म्हणतोय. म्हणूनच आमच्या घरात फोटो असतो तो अहिल्यादेवींचा. महेश्वरचा त्यांचा वाडा बघा, मांडवहून कितीसा लांब, एखाद्या खात्यापित्या पाटलाच्या वाड्याएवढा, आणि घाट मात्र केवढे. पैसा कुठे गेला ते नदीवर उभं राहिलं की दिसतं. नाल्यांचं पानही वहीत ठेवतो, सिव्हिलवाल्या साहेबांनी सांगितलं तसं, पण माझं पान आधी.

पोहे आणि बरंच काही

तुमचं पान आधीच असू द्या. शिधा मोजल्याशिवाय चूल पेटत नाही.

नर्मदेकाठची

सगळ्यांचे किती आभार मानू. मी दोन दिवस हे सगळं वहीत उतरवून घेतलं, खरंच वहीत, डाव्या पानावर खर्च आणि उजव्या पानावर काय उभं राहिलं ते. काल रात्री भाच्याला फोन केला. ७५० मणांचं गणित त्याने स्वतः केलं, कॅलक्युलेटर न घेता, आणि ५४ हजार बिघे म्हणजे किती हे त्याला कळेना म्हणून त्याच्या बाबांनी त्याला क्रिकेटच्या मैदानांत सांगितलं. मग गाढवाच्या खुरावर खूप हसला. नालीत पान सोडायची गोष्ट ऐकून म्हणाला मग आपण का नाही सोडलं, आपण तिथेच तर उभे होतो. मी त्याला म्हटलं पावसाळ्यात ये, तलाव भरलेले असतील, परत जाऊ, आणि या वेळी गाइड नको, मी सांगेन.

आत्याही बाजूला बसून ऐकत होती. ती म्हणाली, त्या दिवशी सगळे हसत होते तेव्हा मला त्या बायकांचंच वाईट वाटत होतं, कुणाच्या तरी लेकी त्या.

सर, फोन ठेवता ठेवता त्याने अजून एक विचारलं, ते तुमच्यासाठी ठेवते. त्या पहाऱ्यावरच्या ५०० धनुष्यवाल्या बायकांची नावं कुठे लिहिलेली आहेत का?

धारवाले सर

मी तरी कुठे वाचलेली नाहीत, बाळाला तसंच सांगा. पावसाळ्यात निघाल तेव्हा आदल्या दिवशी इथे कळवा, धारच्या बसस्टँडवरून मी तुमच्या गाडीत बसेन. त्याला जहाज महालाच्या गच्चीवर पहारा कुठून कुठे फिरत असेल ते पायांनी चालून दाखवतो.